कॅमेरा खाली आहे

चार माणसं जमली आणि बनारसचा विषय निघाला की मी एक गोष्ट सांगतो. पन्नास वर्षं सांगत आलो आहे. गोष्टीत एक फोटोग्राफर आहे, नवं जोडपं आहे, गंगेपलीकडची रेती आहे, मावळतं ऊन आहे आणि कॅमेऱ्यात रोल नाही. ऐकून लोक पोट धरून हसतात. माझ्या मुलांना ती पाठ आहे. नातवानं तर सोसायटीच्या गणपतीत ती करून दाखवली आणि बक्षीस मिळवलं.

गोष्टीतले फोटोग्राफर म्हणजे लल्लनभाऊ टोकेकर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गोष्टीत जी चूक त्यांच्या नावावर आहे, ती त्यांची नव्हती. कुणाची होती ते पुढे येईलच. पण माझ्या गोष्टीत लल्लनभाऊ फक्त रोल विसरतात, दुसरं काही करत नाहीत. म्हणून आधी ते काय काय करत ते लिहितो.

बँकेनं मला बनारसला पाठवलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मिरजेबाहेर फारसा पडलो नव्हतो आणि माझी हिंदी ऐकून टांगेवाले मान वळवून बघत. बालाजी घाटाच्या वर, मराठी कुटुंबांच्या गल्लीत, एका शास्त्रीबुवांच्या घरात मला वरची खोली मिळाली. गल्लीच्या तोंडाशी लल्लनभाऊंचा स्टुडिओ होता. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी गेलो. स्टुलावर बसलो, मान ताठ केली आणि विचारलं, "थोडं हसू का?"

"कशाला?" काळ्या कापडामागून आवाज आला. "बँकेत तुम्हाला हसताना कोण बघणार आहे?"

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी खटका पडला. ते ओळखपत्र पाहून आमचे साहेब विचारत, हा माणूस रजेवर आहे का.

त्यांचं खरं नाव गजानन. बनारसकडे लाडक्या मुलाला लल्लन म्हणतात, आणि घर मराठी असल्यामुळे पुढे भाऊ लागला. चार पिढ्या काशीत. वडील वैदिक, काका वैदिक, आणि हे पान लावून, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून फोटो काढणारे. महाराष्ट्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, मनमाड स्टेशनावर, गाडी थांबली तेवढा वेळ. "बरा आहे," असं त्यांचं मत होतं, "फक्त चहा पातळ देतात."

त्यांची मराठी ऐकायला गोड होती आणि समजायला अवघड. घरात जपलेली जुनी मराठी, आणि तिच्यात गंगेच्या पाण्यासारखी मिसळलेली हिंदी. ओळख नवी होती तेव्हा एकदा म्हणाले, "माझी शिक्षा आठवीपर्यंत झाली."

मी विचारलं, "कशाबद्दल?"

डोळे मिचकावून म्हणाले, "बापाच्या संस्कृतबद्दल." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिवसापासून मी त्यांचा मिरजकर झालो. माझं आडनाव वेगळं आहे, पण ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आता त्यांच्या धंद्याबद्दल. बनारसचे सगळे घाट पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत. सूर्य समोरून, नदीवर उगवतो, आणि सगळं जग पहाटे उठून त्याचे फोटो काढतं. दुपार कलली की घाटांवर त्यांच्याच वाड्यामंदिरांची सावली पडते. सूर्य मावळतो तो शहराच्या पाठीमागे, गल्ल्यांच्या आणि गच्च्यांच्या पलीकडे. घाटावरच्या माणसाला सूर्यास्त दिसतच नाही. लल्लनभाऊंनी त्यावर उपाय काढला तो इतका सोपा की आधी कुणाला सुचला कसा नाही याचं नवल वाटतं. ते जोडप्याला नावेत बसवून पलीकडच्या रेतीवर नेत. तिथं उभं राहिलं की नदी समोर, नदीमागे सगळं शहर, आणि शहरावरून आलेलं पिवळं ऊन सरळ तोंडावर.

"सकाळचं ऊन देवांसाठी," ते म्हणत. "सगळ्या सुरकुत्या दाखवतं, कारण देवांना सुरकुत्या नसतात. संध्याकाळचं माणसांसाठी आहे."

हात लांब करून ते एक बोट आडवं धरत. सूर्य आणि गच्च्यांच्या मध्ये एक बोट मावलं की बारा मिनिटं उरली. बारा मिनिटं आणि एका रोलमध्ये बारा फोटो. हा हिशेब देवानं आपल्यासाठी जुळवला आहे अशी त्यांची खात्री होती. पावसाळ्यात रेती पाण्याखाली जाई, पण तेव्हा चातुर्मास असतो, लग्नं नसतात. त्यातही त्यांना देवाचा हात दिसे. ते चार महिने ते विद्यार्थ्यांचे पासपोर्ट फोटो काढत आणि चिडचिडे होत.

अडचण एकच होती. काशीत मेला तर मोक्ष, आणि पलीकडच्या तीरावर मेला तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी तिथं समजूत आहे. दर लग्नात एखादी म्हातारी वाट अडवून उभी राही. "नव्या नवरा-नवरीला त्या तीरावर नेतोस?"

"आजी, फोटो काढायला नेतोय, मारायला नाही," लल्लनभाऊ सांगत. आणि नवरदेवाकडे बघून हळूच जोडत, "गाढव व्हायला एवढं लांब कशाला जायला पाहिजे, लग्न तर झालंच आहे."

मी रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. बचाऊ नावाचा मल्लाह नाव वल्हवी, मी पांढरं धोतर ताणून धरून उजेड जोडप्यावर परतवी. रोल भरायला त्यांनीच मला शिकवलं. त्यांना फोटो काढताना पाहणं हा माझा त्या काळातला सगळ्यात मोठा करमणुकीचा कार्यक्रम होता.

ते कधी "हसा" म्हणत नसत. "इकडे बघा" तर नाहीच. त्या काळची जोडपी, लग्न होऊन दीड दिवस झालेला, एकमेकांशी चार वाक्यं बोललेली नाहीत. त्यांना शेजारी उभं केलं की दोघं तिकिटाच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसत. मग लल्लनभाऊ नवऱ्याला म्हणत, "बुटात रेती गेली असेल. काढून टाका, चालताना टोचेल."

नवरा एका पायावर उभा राहून बूट काढू लागे. माणूस एका पायावर किती वेळ उभा राहणार? तोल जाई, आणि हात आपोआप बायकोच्या खांद्यावर पडे. ती दचके, मग त्याला सावरे. पहिला फोटो हा. एक बंगाली प्राध्यापक होते, परीक्षेवर देखरेख करायला आल्यासारखे उभे. बूट म्हणताच म्हणाले, "माझ्या बुटात रेती गेलेली नाही." लल्लनभाऊंनी कॅमेरा खाली ठेवला, वाकून मूठभर रेती घेतली आणि त्यांच्या बुटात टाकली. "आता गेली." तो फोटो मी पाहिला आहे. प्राध्यापक रागावलेले आहेत आणि त्यांची बायको असं हसते आहे की तिच्या शेजारी कुणीही देखणा दिसेल.

दुसरी एक युक्ती गाण्याची. नवरीला ते म्हणत, तुमच्या आजीचं गाणं म्हणा. गाणं त्यांना नको असे. ती आठवायला लागली की तिची नजर कुठेतरी लांब जाई, आणि नवरा पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघे, ही आता काय म्हणणार म्हणून. खटका तिथं पडे. गाणं सुरू झालं की लल्लनभाऊ म्हणत, "बस, बढिया," आणि पुढच्या फोटोच्या तयारीला लागत. बिचारी एका ओळीवर थांबे.

रडणाऱ्या नवरीचा फोटो मात्र त्यांनी कधी काढला नाही. एकदा एक राजस्थानी मुलगी रेतीवर उतरली आणि हमसून रडू लागली. लल्लनभाऊंनी पाठ फिरवली आणि पाण्यात बसलेल्या म्हशीचे फोटो काढू लागले. एक, दोन, तीन. मधेच म्हशीला, "मान जरा इकडे, भाभीजी." चौथ्याला मुलगी हसली. उरलेले आठ तिचे झाले. म्हशीचे चारही त्यांनी त्याच पाकिटात घालून दिले.

गुजराती, बंगाली, मारवाडी, सगळे त्यांना बोलावत. आमची गल्ली मात्र बोलावत नव्हती. मांडवातले फोटो काढून घेत, पण जोडप्याला पलीकडे पाठवणं नाही. बुडत्या सूर्यासमोर नव्या संसाराचा फोटो, तोही त्या तीरावर. वैदिकांच्या गल्लीत हे जमणारं नव्हतं. लल्लनभाऊ सगळ्यावर विनोद करत, पण यावर करत नसत. एकदा स्टुडिओत निगेटिव्ह वाळत घालताना म्हणाले, "मिरजकर, शालू इथं विणतात आणि नेसतात आपल्या पोरी. नऊवारी, नथ, मुंडावळ्या. त्या जरीवर संध्याकाळचं ऊन कसं पडतं, ते मी अजून पाहिलं नाही. दुपारी जरी नुसती ओरडते हो. संध्याकाळी ती बोलत असणार."

मग आमच्या शास्त्रीबुवांच्या शरयूचं लग्न ठरलं, पुण्याच्या माधवरावांशी. शरयू हट्टी होती. लल्लनभाऊंचे फोटो तिनं मैत्रिणींच्या घरी पाहिले होते. "आबा, मला रेतीवरचा फोटो पाहिजे," एवढं म्हणून ती जेवायची थांबली. शास्त्रीबुवांनी लल्लनभाऊंना बोलावून घेतलं.

"गजानना, बुडत्या सूर्यासमोर कसं उभं करायचं मुलीला?"

"बुवा, तो बुडत नाही. संध्येला बसतो. तुम्हीपण त्याच वेळी बसता, तुम्हाला कोण बुडाले म्हणतं?"

शास्त्रीबुवा हसले आणि हो म्हणाले. गल्लीतलं पहिलं जोडपं पलीकडे जाणार होतं. लल्लनभाऊ आठ दिवस रोज संध्याकाळी एकटे नावेनं जाऊन सूर्य कुठं उतरतो ते पाहून येत होते. मला म्हणाले, "हा एक नीट झाला की गल्ली माझी."

लग्न माघातलं, गल्लीतल्या धर्मशाळेत. वरपक्षाकडून माधवरावांचे काका कारभार बघत होते. त्यांना अण्णाकाका म्हणत. त्यांच्या मते बनारसमध्ये धड काही होणं शक्य नव्हतं. गटाचे फोटो घेताना लल्लनभाऊ ओरडले, "मंडळी, हल्ला करू नका." गोंगाट नको एवढंच त्यांना म्हणायचं होतं. अण्णाकाका पुढे आले. "आम्ही कशाला हल्ला करू? आम्ही पुण्याहून लग्नाला आलोय." सगळे हसले, पण काका हसले नाहीत. मी त्यांची समजूत काढली आणि वर ऐटीत सांगितलं, "काळजी करू नका. फोटोंची बाजू मी जातीनं बघतो आहे."

जेवणाच्या पंगतीत लल्लनभाऊंनी शरयूचं नाव लिहिलेला एक नवा रोल माझ्या हातात दिला. "हा संध्याकाळचा. तुमच्या कोटात ठेवा. माझ्या खिशात पान असतं, कत्था लागेल." मी तो कोटाच्या आतल्या खिशात टाकला, आणि मग श्रीखंडाचा आग्रह सुरू झाला.

गटाचे फोटो संपेना. हे मामा, ते मामा. शेवटचा फोटो झाला तेव्हा चार वाजून गेले होते. मी खालच्या चौकात जोडप्याला घेऊन उभा होतो. लल्लनभाऊ गच्चीवर दिवे आणि स्टँड आवरत होते. जिन्यावरून वाकून त्यांनी मला सांगितलं, "मिरजकर, कॅमेरा खाली आहे. तेवढं बघा."

मी पाहिलं. दाराजवळच्या टेबलावर, चामडी पिशवीत, कॅमेरा होता. कुणीतरी तो आधीच आणून ठेवला होता. मी पिशवी खांद्याला लावली.

बनारसच्या मराठीत खाली म्हणजे रिकामा. टांगा खाली, डबा खाली, खोली खाली. मिरजेच्या मराठीत खाली म्हणजे खालीच. लल्लनभाऊ मला सांगत होते की कॅमेऱ्यातला रोल संपला, तो काढून घेतला आहे, नवा भरा. आणि मी समजलो की कॅमेरा खालच्या मजल्यावर आहे, विसरू नका. नशीब असं की तो खालच्या मजल्यावर होताच.

नावेत आम्ही सहा जण होतो. जोडपं, अण्णाकाका, लल्लनभाऊ, मी आणि वल्ह्यावर बचाऊ. मधल्या धारेत लल्लनभाऊंनी मला विचारलं, "खाली होता, बघितलंत ना?"

"हो," मी म्हणालो, "बघितला."

पंगतीतला रोल मी लोकांना सांगत नाही, तो सोडला तर इथपर्यंत माझी गोष्ट खरी आहे. लोक इथंच सगळ्यात जास्त हसतात.

रेतीवर उतरलो तेव्हा सूर्य बोटभर वर होता. लल्लनभाऊंनी शरयूला उभं केलं आणि गप्प झाले. हिरवा शालू, आणि जरीच्या काठावर ते ऊन. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मग कामाला लागले. बूट झाला. माधवरावांचा तोल जाऊन त्यांच्या मुंडावळ्या शरयूच्या नथीत अडकल्या, तो एक झाला. मग म्हणाले, "शरयू, नाव घे."

"लल्लनभाऊ, तुमची युक्ती मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझा उखाणा पाठ आहे. आठवावा लागणार नाही."

"मग नवा कर. इथला."

ती विचार करू लागली. माधवराव तिच्याकडे बघत राहिले. खटका पडला. मग ती म्हणाली,

"पलीकडे काशी, अलीकडे रेती,
माधवरावांच्या बुटात ती मावणार किती?"

बचाऊला मराठी येत नव्हती, तोही हसला. अण्णाकाका माझ्या कानाशी म्हणाले, "तुमचे टोकेकर बरे दिसतात हो. मला वाटलं होतं, सगळा बनारसी कारभार."

वारा गार होता. मी हात कोटात घातला, आणि बोटांना रोल लागला. कागदाचं सील तसंच.

त्या क्षणी मला खाली या शब्दाचा अर्थ कळला. सूर्य अजून गच्च्यांच्या वर होता, अर्ध्या बोटाला थोडा कमी. रोल भरायला दीड मिनिट लागतं. "लल्लनभाऊ, थांबा," एवढे दोन शब्द म्हणायचे होते. आणि मी काय केलं? अण्णाकाका शेजारी उभे आहेत, जातीनं बघतो म्हणून मी सांगितलं आहे, आता या सगळ्यांसमोर खिशातून रोल काढायचा कसा, याचा विचार केला. मनाला म्हटलं, आत दुसरा रोल असेलही. धोतर ताणून धरून उभा राहिलो. पुढचे चार खटके मी मोजले. मग सूर्य गेला.

परत आल्यावर लल्लनभाऊ पानाच्या दुकानाशी थांबले. मी सामान घेऊन पुढे स्टुडिओत गेलो आणि खिशातला रोल त्यांच्या कपाटात, बाकीच्या रोलांच्या रांगेत ठेवून दिला.

दिवेलागणीला त्यांनी कॅमेरा उघडला. आत बोट फिरवून पाहिलं. "मिरजकर, हा तर खालीच आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"मला वाटलं, खाली म्हणजे खालच्या मजल्यावर."

ते हसले. तोंडातलं पान सांडेपर्यंत, भिंतीला हात टेकून हसले. "हाताला हलका लागत होता हो. पण सूर्याकडे बघू की हाताकडे?" मग कपाटाकडे गेले आणि त्यांचं हसू थांबलं. "हा इथं कसा? जेवताना मी तुम्हाला दिला होता ना?"

मी म्हणालो, "नाही."

"दिला नव्हता?"

"नाही दिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते स्वतःला तपासत होते. "मग मीच इथं विसरलो," ते म्हणाले. "रोलच नव्हता, तर तुम्ही बिचारे काय भरणार?"

पगडी घालून ते एकटे शास्त्रीबुवांकडे गेले आणि सांगून आले. माझं नाव घेतलं नाही. शास्त्रीबुवा फक्त "असो" म्हणाले. अण्णाकाकांनी "बिनरोलाचे टोकेकर" हे नाव जाता जाता ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं जोडपं पुण्याला गेलं. गल्ली म्हणाली, त्या तीरानं फोटो गिळले. त्यानंतर मुंजीलासुद्धा कुणी लल्लनभाऊंना बोलावलं नाही.

बाहेरचा धंदा चालूच होता. पण आता ते नावेत बसण्याआधी कॅमेरा तीनदा उघडून बघत. एकदा असं बघताना भरलेला रोल उघडा पडला आणि एका मारवाड्याचं अर्धं लग्न उजेडानं खाल्लं. "वय झालं," ते म्हणाले. ते तेव्हा पस्तिशीचे होते.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मला कार्यक्रम करायला सांगितला, आणि मी ही गोष्ट नक्कल करून सांगितली. गल्लीनं डोक्यावर घेतलं. लल्लनभाऊ दुसऱ्या रांगेत होते. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. नंतर पाठीवर थाप मारून म्हणाले, "बढिया. फक्त पान मी डाव्या गालात ठेवतो." दोन वर्षांनी माझी बदली झाली. ते मला स्टेशनवर पोचवायला आले होते.

आठ वर्षांपूर्वी बायकोबरोबर काशीला गेलो. स्टुडिओत त्यांची मुलगी मंजू होती, आता तीच फोटो काढते. "बाबा गंगापार गेले आहेत, जोडप्यांना पोझ द्यायला," ती हसून म्हणाली. "मी निघालेच आहे. चला, काका." बायको देवळात गेली आणि मी नावेत बसलो.

रेतीवर मेळा होता. पाच-सहा जोडपी, झगे, रंगीत धूर, डोक्यावर घुमणारे कॅमेरे. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत लल्लनभाऊ. पाठ वाकली होती, एका डोळ्यानं कमी दिसत होतं. मला आवाजावरून ओळखलं. "मिरजकर, आता लग्नाआधीच फोटो काढतात. सगळं उलटं झालंय, गुरू. पण बूट अजून चालतो."

मंजू जोडप्याला उभं करत होती. मी खुर्चीजवळ उभा राहून सांगून टाकलं. रोल तुम्ही दिला होता. माझ्या खिशात होता. रेतीवर मला तो सापडला आणि मी बोललो नाही. कपाटात मीच ठेवला.

त्यांची नजर समोरच्या जोडप्यावर होती. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "सापडला तेव्हा उजेड किती होता?"

"अर्ध्या बोटाला कमी. पाच मिनिटं असतील."

त्यांनी बोटांवर मोजलं. "भरायला दीड. तीन निघाले असते." पुन्हा मोजलं. "चार नाही. तीन."

मंजूनं जोडप्याला पाण्याच्या दिशेनं थोडं सरकवलं.

"पहिला उखाण्याचा घेतला असता, परत आठवायला लावून. दुसऱ्यात नुसता काठ. हात आणि काठ, तोंडं नकोत. तिसऱ्यात ती दोघं पाण्याकडे चालली असती आणि मी काहीच सांगितलं नसतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटत होतं माझं डोकं बिघडलंय. किती वर्षं वाटत होतं."

"मी मंडळात सांगतो," मी म्हणालो. "यंदा गणपतीत उभा राहून सांगतो."

"सांगू नका. तुम्ही सांगितलं की लोक हसतात." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लिहा. शरयूला पाठवा."

खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उठले आणि हात लांब करून एक बोट आडवं धरलं. समोर ती मुलगी अनवाणी उभी होती आणि तिचा होणारा नवरा एका पायावर डुलत होता.

"मिरजकर, बाजूला व्हा," ते म्हणाले. "तुमची सावली तिच्या तोंडावर पडतेय."

मी बाजूला झालो.